मिनेसोटाच्या माळावरची रानफुलं कशी ओळखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ट्विन सिटीजमधल्या (मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं) पाच-सहा मराठी कुटुंबांना घेऊन मी दर उन्हाळ्यात प्रेअरीवर, म्हणजे इथल्या गवताळ माळावर, फुलं बघायला जाते. घरी परतलं की व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न सुरू होतात, सोबत एखादा हललेला फोटो आणि खाली ‘हे काय गं?’ असतं. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, नोकरी कॉम्प्युटरची आहे. जे कळलंय ते गुडघे टेकून आणि भरपूर चुका करून कळलंय.

प्रेअरी म्हणजे कासच्या पठारासारखंच काही का?

वरवर पाहिलं तर हो. झाडं जवळजवळ नाहीत, मोकळं आभाळ आणि गवतात फुलं. जमिनीखाली मात्र सगळं उलटं. कासला कातळावर मातीचा पातळ थर असतो आणि बरीचशी फुलं एका पावसाळ्यापुरती जगतात. इथे माती काळी आणि खोल. बहुतेक झाडं वर्षानुवर्षं जगणारी, आणि त्यांचा मोठा हिस्सा मुळांच्या रूपात जमिनीखाली. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो तेव्हा वरचं सगळं वाळून जातं आणि खालचं झोपी जातं. वणवा लागला तरी तेच होतं. म्हणून माळ राखायला इथे वसंतात मुद्दाम आग लावतात. पहिल्यांदा पाहताना काळजात धस्स झालं होतं.

त्या काळ्या मातीनेच प्रेअरीचा घात केला. मिनेसोटात एकेकाळी सुमारे १ कोटी ८० लाख एकर माळ होता. गहू, मका आणि सोयाबीनसाठी तो नांगरला गेला आणि आता जेमतेम एक-दोन टक्के उरलाय. उरलाय तोही जिथे नांगर चालला नाही तिथे: खडकाळ टेकड्या, रेल्वेच्या कडा, जुनी कब्रस्तानं.

‘नेटिव्ह’ फूल कशाला म्हणायचं? रस्त्याकडेला आपोआप उगवलेलं सगळं रानफूलच ना?

रानफूल खरं, पण इथलं मूळचं असेलच असं नाही. युरोपातून लोक येऊन शेती करू लागण्याआधीपासून जे इथे होतं ते मूळचं. हायवेच्या कडेला जूनमध्ये पांढऱ्या डेझीचा गालिचा दिसतो, ती ऑक्सआय डेझी युरोपातली. जांभळट क्राउन व्हेच आणि पिवळी बर्ड्‌सफूट ट्रेफॉइल हीसुद्धा आणलेलीच.

नावावर विश्वास ठेवू नका. कॅनडा थिसल कॅनडाचं नाही, ते जुन्या जगातून आलेलं तण आहे. उलट कॉमन मिल्कवीडच्या शास्त्रीय नावात ‘सिरिआका’ (सीरियाचं) आहे आणि ते अस्सल इथलं आहे. शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसची चूक, ती तशीच राहिली.

(आमच्या गटात ‘देशी फूल’ म्हटलं की कोणीतरी ‘म्हणजे झेंडू?’ विचारतंच. तेव्हापासून मी ‘इथलं’ म्हणते.)

फूल दिसलं की आधी काय बघायचं?

फूल सोडून बाकी सगळं. सगळ्यांचे डोळे आधी रंगाकडे जातात, आणि घोटाळा तिथेच होतो. जुलैच्या माळावर पिवळ्या रंगाची किमान डझनभर फुलं असतात, म्हणजे ‘पिवळं’ म्हणून तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं.

पहिलं, तारीख. थंड मुलखात उन्हाळा लहान, त्यामुळे फुलांचं वेळापत्रक आवळलेलं असतं. मेमध्ये दिसलेलं पिवळं फूल ऑगस्टच्या सुमारास फुलणारं गोल्डनरॉड असूच शकत नाही. तारीख कळली की अर्धी यादी गळते.

दुसरं, पायाखाली काय आहे? वाळू, खडी, टेकडीचा उतार की बूट रुततील अशी ओल? एकाच फुलाची दोन भावंडं ओल्या-कोरड्यावरून वेगळी पडतात.

तिसरं, पानं खोडावर कशी बसली आहेत? समोरासमोर जोडीने, एकाआड एक, की एकाच पेरावर गोल? पान अखंड की चिरलेलं? खडबडीत की मऊ? मग खोड दोन बोटांत धरून फिरवा. कोपरे लागले तर चौकोनी खोड. घरातल्या तुळशीचं खोड असंच फिरवून पाहा, म्हणजे कळेल. चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं दिसली की तुळस-पुदिन्याचं कुळ असण्याची शक्यता मोठी. कपप्लांट किंवा व्हर्वेनसारखी दुसऱ्या कुळातली झाडंही चौकोनी खोडाची असतात, त्यामुळे शक्यताच म्हणायचं.

मग वास. इथे मराठी नाकाचा फायदा होतो. जुलैत माळभर फिकट जांभळ्या, विस्कटलेल्या केसांसारखी फुलं दिसतात, ती वाइल्ड बर्गमॉट. पान चुरडून हुंगलंत की थेट ओवा! त्यात थायमॉल असतं, ओव्यातही तेच. इथले लोक ‘ओरेगॅनोसारखा वास’ म्हणतात, आपल्याला बाळंतिणीची खोली आठवते. ग्रे-हेडेड कोनफ्लॉवरचा मधला बोंडा चुरडला की बडीशेप. माउंटन मिंटचं पान म्हणजे सरळ पुदिना. वासावरून ओळखलेलं सहसा विसरत नाही. मात्र चुरडण्याआधी खालचा वाइल्ड पार्स्निपचा प्रश्न वाचा.

हे सगळं झाल्यावर फूल बघा. पाकळ्या मोजा, आणि फूल उलटं करून पाठही बघा.

बर्फ गेल्यावर पहिलं फूल कुठलं?

पास्कफ्लॉवर. एप्रिलच्या मध्यावर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाळ उतारांवर. गवत अजून तपकिरी, सावलीत बर्फाचे ढिगारे, आणि त्यात जमिनीपासून चार बोटं वर फिकट जांभळा पेला. मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका.

जवळ जाऊन बघायचं ते त्याची लव. देठ, पानं, पेल्याची बाहेरची बाजू, सगळीकडे तान्ह्या बाळाच्या जावळासारखे चंदेरी केस. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या केसांमुळे फुलाभोवती प्रकाशाची कड दिसते. थंडीवाऱ्यात हे त्याचं पांघरूण. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं (फुलाचं बाहेरचं आवरण), या फुलाला वेगळ्या पाकळ्या नसतातच. फूल गेल्यावर पिसांसारख्या शेपट्यांच्या बियांचा गुच्छ येतो. त्या दिवसांत माळावर याच्याशी गल्लत होईल असं दुसरं काही नसतं, म्हणून शिकायला सुरुवात इथून करा. शेजारच्या साउथ डकोटाचं हे राज्यफूल आहे आणि सीमेपलीकडे कॅनडात मॅनिटोबाचं प्रांतफूल. तिकडे याला प्रेअरी क्रोकस म्हणतात, पण क्रोकसशी त्याचं नातं नाही.

मेमध्ये प्रेअरी स्मोक येतं. एका देठावर तीन गुलाबी कळ्या मान खाली घालून असतात. ‘उमलणार कधी?’ असं सगळे विचारतात. याहून फारशा उमलत नाहीत. फलधारणा झाली की माना वर होतात आणि गुलाबी पिसांचे झुबके बाहेर पडतात. लांबून टेकडीवर धूर रेंगाळल्यासारखं दिसतं.

पिवळी फुलं सगळी सारखीच दिसतात. वेगळी कशी करायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. बहुतेक सगळी सूर्यफूल-झेंडूच्या कुळातली. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा गठ्ठा असतो. कडेची ‘पाकळी’ हे एक फूल आणि मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका दुसरं.

मी मधल्या चकतीपासून सुरुवात करते. चकती गडद तपकिरी, घुमटासारखी आणि पानांवर हात फिरवल्यावर राठ केस लागले, तर ब्लॅक-आइड सुझन. चकती उंच, करडी-हिरवट आणि पाकळ्या ओल्या फडक्यासारख्या खाली लोंबलेल्या, तर ग्रे-हेडेड कोनफ्लॉवर (बडीशेपवाला). फूल एकदम पिवळं, झाड गुडघ्याइतकं, आणि पान त्रिशुळासारखं तीन बोटांत फाटलेलं, तर बर्ड्‌सफूट कोरिऑप्सिस. ओल्या जागी, पाकळ्यांच्या टोकाला तीन दाते आणि खोडाला पंखासारख्या कडा, तर स्नीझवीड.

माणसाहून उंच, जाड चौकोनी खोड आणि समोरासमोरची पानं खोडाभोवती एकमेकांना चिकटून वाटी झालेली, तर कपप्लांट. पावसानंतर त्या वाटीत खरंच पाणी साचतं आणि छोटे पक्षी ते पितात. मुलांना हे झाड सगळ्यात आवडतं. पाच वर्षांच्या मुलीने एकदा त्यात बोट बुडवून ‘तीर्थ’ घेतलं होतं, तिला थांबवताना आम्ही सगळे हसत होतो.

उरली सूर्यफुलं. यात मीही अजून चुकते. मॅक्सिमिलियन सूर्यफुलाची पानं मधोमध घडी घातलेली आणि विळ्यासारखी खाली वाकलेली असतात, ते कळतं. बाकीच्यांसाठी भिंग लागतं आणि संयम लागतो. ‘कुठलं तरी सूर्यफूल’ एवढं म्हणून पुढे जायला हरकत नाही.

गोल्डनरॉडने शिंका येतात ना?

नाही. गोल्डनरॉडचे परागकण जड आणि चिकट, ते कीटकांच्या अंगावरून जातात, वाऱ्यावर उडत नाहीत. ऑगस्टमधल्या शिंकांचं कारण असतं रॅगवीड, ते त्याच वेळी शेजारीच फुलतं. हिरवट, लक्षही जाणार नाही असं. दिसायला पिवळंधमक असल्यामुळे आळ मात्र गोल्डनरॉडवर येतो.

गोल्डनरॉडचे प्रकार बरेच आहेत. नवशिक्यांनी स्टिफ गोल्डनरॉड आधी शिकावं. डोकं वरून सपाट छाटल्यासारखं आणि पानं जाड, करडी.

उंच जांभळे तुरे दिसतात ते एकच झाड का?

तलावाकाठी किंवा ओल्या चरात दाट जांभळा पट्टा दिसला तर बहुधा ते पर्पल लूसस्ट्राइफ, युरोपातून आलेलं आक्रमक तण. माळावर गवतातून सुटे उभे तुरे दिसले तर ब्लेझिंग स्टार, हे इथलं.

खात्री करायची सोपी खूण आहे. ब्लेझिंग स्टार वरून खाली उमलतं. शेंडा फुललेला आणि खाली अजून कळ्या, हे फार थोड्या झाडांत दिसतं. पानं गवतासारखी अरुंद. रफ ब्लेझिंग स्टारची फुलं कोरड्या टेकडीवर शर्टाच्या गुंड्यांसारखी सुटी बसलेली असतात. प्रेअरी ब्लेझिंग स्टारचा तुरा बाटली धुवायच्या ब्रशासारखा भरगच्च, आणि त्याला थोडी ओल आवडते. मेडो ब्लेझिंग स्टार फुललं की ऑगस्टमध्ये मोनार्क फुलपाखरं एकेका तुऱ्यावर तीन-चार बसलेली मी पाहिली आहेत.

बुटकं, अंगठ्याएवढ्या डोक्याभोवती जांभळं कडं असलेलं दिसलं तर पर्पल प्रेअरी क्लोव्हर. त्याचं कडं खालून वर सरकत जातं.

मिल्कवीड म्हणजे आपली रुई का?

चुलत बहीण म्हणा. कुळ एकच. पान तोडलं की तोच पांढरा चीक, तशीच बोंडं, आणि बोंड फुटलं की तीच रेशमी ‘म्हातारी’ वाऱ्यावर निघते. शनिवारी मारुतीला ज्या पानांची माळ घालतात त्याच रुईवर आपल्याकडे प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं. इथे मिल्कवीडवर मोनार्क घालतं. ती दोन फुलपाखरंही एकाच प्रजातिगटातली, डॅनॉस. हे कळलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं. तिला विशेष काही वाटलं नाही.

ओळखायचं असं: रुंद पानं, मळकट गुलाबी फुलांचा चेंडू आणि खडबडीत बोंड, ते कॉमन मिल्कवीड. ओल्या जागी, अरुंद पानांचं, गडद गुलाबी ते स्वॅम्प मिल्कवीड. वाळूत, भगव्या फुलांचं ते बटरफ्लाय वीड. त्याला दुधाळ चीक नसतो, म्हणून लोक फसतात. उलट डॉगबेनला चीक असतो पण ते मिल्कवीड नाही: त्याच्या फांद्या फुटलेल्या आणि फुलं बारीक घंटांसारखी.

हात लावायचा नाही असं काही आहे का?

आहे, आणि माझ्या डाव्या पिंडरीवर त्याचा डाग वर्षभर होता. वाइल्ड पार्स्निप. कोथिंबीर-गाजराच्या कुळातलं, पिवळ्या छत्र्यांचं. जुलैच्या एका दुपारी हाफ पँट घालून मी त्यातून चालत गेले. तेव्हा काहीच झालं नाही. दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड आले. त्याचा रस कातडीला लागून त्यावर ऊन पडलं की भाजतं, खाजेपेक्षा जळजळ जास्त. रस लागलाच तर लगेच साबणाने धुवा आणि ती जागा उन्हापासून झाका.

पंचाईत अशी की तशाच पिवळ्या छत्र्यांचं गोल्डन अलेक्झांडर्स हे निरुपद्रवी, इथलं झाड आहे. ते मे-जूनमध्ये फुलतं, उंची गुडघा-मांडीपर्यंत, पानं तीन-तीन पर्णिकांत (एकाच पानाच्या छोट्या पानांत) विभागलेली. पार्स्निप त्यानंतर फुलतं, छाती-डोक्याएवढं होतं, खोडाला उभ्या खोल रेघा आणि एका पानाला समोरासमोर पाच ते पंधरा पर्णिका. अगदी खात्री हवी असेल तर भिंगातून बघा: गोल्डन अलेक्झांडर्सच्या प्रत्येक छोट्या छत्रीतल्या मधल्या फुलाला देठच नसतो. शंका असेल तर दुरूनच नमस्कार.

पॉइझन आयव्हीही आहे: तीन पर्णिका, मधलीचा देठ लांब. आणि टिक, म्हणजे गोचीड. लांब पँट, मोज्यात खोचलेली. घरी आल्यावर अंग तपासा.

माझ्या बागेतलं पर्पल कोनफ्लॉवर नेटिव्हच आहे ना?

अमेरिकेचं आहे, मिनेसोटाच्या माळाचं नाही. नर्सरीत मिळतं ते रुंद पानांचं एकिनेशिया पुर्पुरिया मूळचं आणखी दक्षिण-पूर्वेचं. इथलं, राज्याच्या पश्चिम भागातलं, ते अरुंद पानांचं एकिनेशिया अँगुस्टिफोलिया: बुटकं, राठ केसांचं, फिकट पाकळ्यांचं. लावलंत म्हणून पाप लागत नाही, मधमाश्या येतातच. ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ लिहिलेल्या पाकिटांची मात्र मागची यादी वाचा. मी एका दुकानातून असं पाकीट आणलं होतं, त्यातून उगवलेली निम्मी फुलं युरोपातली निघाली.

रस्त्याकडेची भगवी लिली इथली का?

चरात झुंडीने असते ती आशियातून आलेली डेलिली: पानं पट्ट्यांसारखी बुडातून निघालेली, फुलाच्या दांड्याला पानं नाहीत. इथली वूड लिली एकटीदुकटी सापडते. खोडावर पानांची वर्तुळं, आणि फूल आभाळाकडे तोंड करून. पाकळ्या बुडाशी इतक्या निमुळत्या की मधल्या फटींतून खालचं गवत दिसतं. कॅनडातल्या सस्कॅचवानने तिला १९४१ साली प्रांतफूल केलं. मान खाली आणि पाकळ्या मागे वळलेल्या असतील तर ती मिशिगन लिली.

बंद कळ्याच दिसतात, फूल उमलत नाही. झाड आजारी आहे का?

सप्टेंबर असेल आणि कळ्या गडद निळ्या असतील तर ती बॉटल जेन्शियन. ती अशीच असते. जाडजूड बंबलबी टोकाशी जोर लावून आत घुसते, पूर्ण गायब होते आणि मागे सरकत बाहेर येते. दहा मिनिटं बसून राहा, दिसेल.

ॲप आहे की. एवढं शिकायचं कशाला?

ॲप मीही वापरते, आयनॅचरलिस्ट. पण त्याला एकच फोटो दिलात, तोही फुलाचा समोरून, तर ते अंदाज मारतं. चार फोटो द्या: फूल समोरून, फूल मागून, पान खोडासकट, पूर्ण झाड. ॲस्टरच्या बाबतीत फुलामागची हिरवी खवलं बघितल्याशिवाय जाणकारही नाव सांगत नाहीत. धोक्यात असलेल्या जातींची नेमकी जागा ॲप आपोआप लपवतं. ती तुम्ही व्हॉट्सॲपवर उघड करू नका, ऑर्किड चोरणारे इथेही आहेत.

कुठे जायचं?

घराजवळ हवं तर मिनीॲपोलिसचं इलॉइज बटलर वाइल्डफ्लॉवर गार्डन, १९०७ पासूनचं. त्याच्या प्रेअरी भागात नावांच्या पाट्या आहेत, शिकायला सोपं. थोडं लांब क्रो-हॅसन पार्क रिझर्व्ह किंवा आफ्टन स्टेट पार्क.

खरा, कधीच न नांगरलेला माळ बघायचा तर पश्चिमेला ग्लिंडनजवळचा ब्लूस्टेम प्रेअरी. ट्विन सिटीजपासून साडेतीन-चार तास, पण जुलैत जाऊन याच. नैर्ऋत्येच्या ब्लू माउंड्स स्टेट पार्कमध्ये गवे आहेत (बायसन, म्हणजे आपले गवे नव्हेत), आणि गुलाबी क्वार्ट्‌झाइट खडकावर चक्क निवडुंग फुलतो. उणे तीस सोसणारा निवडुंग!

दोन-चार फुलं तोडली तर?

स्टेट पार्क आणि सायंटिफिक अँड नॅचरल एरिया (राज्याने राखलेली निसर्गक्षेत्रं) दोन्हीकडे बंदी आहे. राज्यफूल शोई लेडीज स्लिपर १९२५ पासून कायद्याने संरक्षित आहे. ते दलदलीतलं ऑर्किड, माळावरचं नाही, पण सगळे विचारतात म्हणून सांगितलं. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला त्याला सोळा वर्षंसुद्धा लागू शकतात. गणपतीला फुलं हवी असतील तर आपल्या बागेतली ब्लॅक-आइड सुझन वाहा, बाप्पा चालवून घेतात.

हिवाळ्यात सगळं बंद?

उलट, तेव्हा माझा अभ्यास होतो. बर्फातून वाळके सांगाडे वर असतात. मिल्कवीडची फुटकी बोंडं, कोनफ्लॉवरचे काळे गोळे, बर्गमॉटची भोकाभोकांची बोंडकी. ते चुरडलं की जानेवारीतही ओव्याचा वास येतो. गोल्डनरॉडच्या खोडावर सुपारीएवढी गाठ दिसली तर तीत एका माशीची अळी असते, थंडीत गोठूनही न मरणारी. गाठीला भोक असेल तर सुतारपक्षी आधीच जेवून गेला.

याचं बी पुण्याला नेऊन लावता येईल का?

नको. परवान्याशिवाय बी नेता येत नाही ही एक अडचण. दुसरी अशी की यातल्या पुष्कळ बियांना महिना-दोन महिने ओली थंडी मिळाल्याशिवाय अंकुरच फुटत नाही. इथे आम्ही नोव्हेंबरात बी टाकतो आणि हिवाळ्यावर सोपवतो, किंवा ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवतो. फ्रिजमधल्या डब्यावर नाव नक्की लिहा. आमच्याकडे एकदा ते बी मोहरीच्या डब्याशेजारी होतं आणि फोडणीत जाता जाता राहिलं.